फ्रिजच्या पोटातली पिल्लं

मी एक जुना फ्रिज आहे, मित्रांनो. निदान केजच्या आमच्या गल्लीत मला अजून सगळे फ्रिजच म्हणतात. काम मात्र आता अगदी उलटं करतो. जन्मभर गारवा दिला आणि म्हातारपणी ऊब द्यायची वेळ आली, त्याची ही हकिगत.

तरुणपणीचा माझा रुबाब काय सांगू! लालभडक रंग, एकच दार, आणि तेव्हा गल्लीत दुसरा फ्रिज नव्हता. सत्तारभाई स्वतः फ्रिज-कूलर दुरुस्त करणारे, त्यामुळे त्यांच्या घरी माझी बडदास्त चोख होती. रमजानमध्ये अख्खी गल्ली माझ्याकडे बर्फ मागायला यायची. पण कौतुक कुणाला जन्मभर पुरतं? एका उन्हाळ्यात माझा कॉम्प्रेसर बसला, घरात नवा फ्रिज आला आणि मी जिन्याखाली गेलो. दोन वर्षं माझ्या पोटात जुने स्क्रू, वायरींची भेंडोळी आणि एक फुटकी बादली होती. मला फार वाईट वाटायचं.

शेवटी भंगारवाला दारात आला. तेव्हा सत्तारभाईंची बायको जाहेदा आडवी आली.

"ह्याची अंडी उबवायची मशीन करून द्या," ती म्हणाली.

"गार करणाऱ्याला गरम करायला लावती का?" सत्तारभाई हसले. पण बायकोचा शब्द मोडायची त्यांची छाती नव्हती. त्यांनी माझ्यात दोन बल्ब बसवले, एक छोटा पंखा लावला, दाराला भोक पाडून काच बसवली. तापमानाचा काटा साडेसदतीस अंशांवर आला की बल्ब आपोआप विझायचे. चार दिवस मी रिकाम्या पोटी तापत होतो. जाहेदा बाजारातून अंडी आणणारच होती, तेवढ्यात भिमाबाई आली.

भिमाबाई जवळच्या खेड्यातली. ती दर बाजाराला जाहेदाला गावरान अंडी द्यायची. त्या दिवशी जीपमधून उतरली ती पदराखाली डबा धरूनच. डब्यात गरम भुसा होता आणि भुशात अकरा अंडी.

"जाहेदा, मुंगसानं कोंबडी नेली गं! नऊ दिस बसलीवती. ही अंडी गार पडली तर समदं संपलं."

"मावशी, दुसरी कोंबडी नाही का?"

"बाकीच्या मानमोडीच्या रोगात गेल्या. माय, सासरी येताना माझ्या आईनं एक काळी कोंबडी दिल्ती. तिचाच येल हाय हा. आई गेली, आता तिचं एवढंच राह्यलंय."

तिचे डोळे भरून आले. जाहेदाने डबा घेतला आणि अंडी माझ्या जाळीवर मांडली. मी हादरलोच. आजवर माझ्यावर दुधाची, दह्याची जोखीम होती. नासलं तर लोक हळहळायचे आणि नवं आणायचे. हे नासलं असतं तर कुठून आणणार?

जाहेदाने प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने खूण केली. दिवसातल्या पाचही नमाजांनंतर ती एकेकदा अंडी उलटवायची, त्यामुळे तिला घड्याळ लागलं नाही. खाली तिने पाण्याचं एक ताट ठेवलं होतं. आणि इथेच घोटाळा झाला.

कोंबडीचे नऊ दिवस धरून पंधराव्या दिवशी सत्तारभाईंना काचेवर आतून पाण्याचे थेंब दिसले. फ्रिजवाल्याला फ्रिजमध्ये ओल दिसली की त्याचा हात थांबत नाही. त्यांनी ताट काढलं, मला कोरडं पुसलं, वर ओल शोषणारी एक पुडीही ठेवली. जाहेदाने विचारलं तर म्हणाले, "पंचवीस वर्षं हेच करतोय मी. ओल म्हणजे बिघाड." खरं सांगतो, मलाही ते पटलं. ओलीने माझा पत्रा गंजला होता. कोरडं वाटून मी सुखावलो. लोहारानं सोनाराच्या दुकानात शहाणपणा करावा, तसं आम्हा दोघांचं झालं.

एकविसाव्या दिवशी सकाळी आतून चिवचिव ऐकू आली. आठ अंड्यांना बारीक भोकं पडली. जाहेदाने भिमाबाईला फोन केला. पण दुपार झाली तरी एकही कवच पुढे फुटेना आणि आवाज बारीक होत चालला. माझ्या पोटात काहीतरी मरतंय आणि मी नुसता उभा आहे, असं मला वाटलं.

भिमाबाई आली तेव्हा जाहेदा नखाने कवच सोलणार होती.

"हात नगं लावू, रगत येईल!" भिमाबाईने भोकातून नीट पाहिलं. "आतली साल पापडावानी वाळलीय. पिल्लू फिरणार कसं? पाणी कुठाय?"

"मी काढलं," सत्तारभाई हळूच म्हणाले.

"कावून?"

"ओल आली होती, मावशी."

"आरं बाबा, कोंबडी चरून येती तवा तिचं पोट भिजलेलं असतंय. तशीच बसती ती अंड्यावर. ओल लागतीच!"

सत्तारभाईंनी वाद घातला नाही. पुडी फेकली आणि स्वतः पाणी तापवून आणलं. ताट भरलं, गरम पाण्यात पिळलेलं फडकं आत टांगलं, दार लावलं. काच धुक्याने भरली. सवयीने त्यांचा रुमाल काचेकडे गेला, पण त्यांनी तो खिशात परत घातला. तिघंही जमिनीवर बसून नुसतं ऐकत राहिले. मीही ऐकत होतो.

संध्याकाळच्या मगरिबच्या नमाजाआधी टक् असा आवाज आला. मग दुसरा. दिवे लागेपर्यंत आठ ओली पिल्लं माझ्या जाळीवर धडपडत होती आणि त्यातली पाच काळीकुळकुळीत होती. तीन अंडी फुटली नाहीत, त्याचं दुःख आहेच. पण माझा जीव भांड्यात पडला. भिमाबाई हसत होती आणि रडतही होती. "आई आली माझी," एवढंच म्हणाली.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना आणि जुन्या माणसांना भंगारात काढू नका, हे तर मी सांगेनच. पण आम्हा जुन्यांनाही एक विनंती आहे. नवं काम हाती घेतलं की पंचवीस वर्षांचा तोरा बाजूला ठेवावा आणि जाणत्याला विचारावं. विचारायला उशीर झाला असता तर ती आठही गेली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिल्लं वाळून कापसासारखी झाली. रात्री मुक्कामाला राहिलेल्या भिमाबाईने ओंजळ पुढे धरली आणि जाहेदाने दार उघडलं. आजवर माझ्यातून जे काही बाहेर निघालं, ते कुणीतरी उचलून नेलं होतं. त्यातलं एक काळं पिल्लू मात्र जाळीच्या कडेशी आलं, थोडं थांबलं आणि स्वतःच्या पायांनी भिमाबाईच्या ओंजळीत उतरलं.