सातबाऱ्यावरची बहीण

माझा भाऊ महिपती अकरा वर्षं माझ्याशी बोलत नव्हता. वडील गेल्यावर, गावातल्या इतर बहिणी करतात तशी, मीही हक्कसोडपत्रावर निमूट सही करायला हवी होती. मी केली नाही. खराडीतली नऊ गुंठे जमीन माझ्या नावावर राहिली. बहिणीने साडीचोळी घ्यावी आणि गप्प बसावं, असं त्याचं मत. मी महापालिकेच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवलेली बाई, मला भागाकार येतो. तेव्हापासून हा चारचौघांत सांगायचा, 'मला बहीण न्हाई.'

गुरुवारी संध्याकाळी तोच माणूस विश्रांतवाडीला माझ्या दारात उभा होता.

"विक्रमला जामीन झालाय," चपलांकडे बघत तो म्हणाला, "पण जामीनदार गावंना."

विक्रम त्याचा एकुलता एक मुलगा, वय वर्षं एकोणीस. दोन मित्रांनी कोयता दाखवून मोबाइलचं दुकान लुटलं, तेव्हा हा बाहेर मोटारसायकल चालू ठेवून बसला होता. तिघांवर जबरी चोरीचा गुन्हा. 'मला काही माहीत नव्हतं,' असं हा म्हणतो. खरंखोटं खटल्यात ठरेल, पण महिनाभर तो येरवड्यात होता आणि शनिवारी त्याचा डिप्लोमाचा पेपर होता. वय लहान, आधीचा गुन्हा नाही, म्हणून कोर्टाने जामीन दिला. अट एकच कडक होती, जामीनदाराच्या स्वतःच्या नावावर पुण्यात जमीन हवी.

"तू राहा की जामीन."

"बापाला काय नको वाटतंय व्हय? माझी समदी जमीन बिल्डरकडं गेली. फ्लॅटवर बँकेचा बोजा हाय."

"आणि विक्रमच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर हात जोडून उभे असलेले ते बावीस आधारस्तंभ?"

"एकबी फोन उचलत न्हाई."

मला हसू आलं. रागही आला होता, पण पोराचा पेपर रागासाठी थांबत नाही. मी कपाटातून सातबारा काढला.

शुक्रवारी आम्ही शिवाजीनगरच्या कोर्टात. वकीलबाई तनुजा घाईत होत्या. सुटकेचा आदेश संध्याकाळी पाचच्या आत येरवडा तुरुंगाच्या दारावरच्या जामीनपेटीत पडला नाही, तर पोरगा आज सुटणार नव्हता, म्हणजे पेपरही गेला. साडेतीनला आमचा पुकारा झाला. न्यायाधीशांनी माझे कागद बघितले आणि चष्मा वर केला.

"सातबाऱ्यावर मैना गेनबा. आधार कार्डावर मैना रविराज, आडनावही वेगळं. या दोन बाया की एकच?"

"एकच, साहेब. एक माहेरची, एक सासरची."

"भाड्याने जामीन राहणारे इथे रोज येतात, बाई. हे शपथेवर सांगणारं कोणी आहे?"

तनुजा वकिलांनी मागे बघितलं. मीही बघितलं. महिपतीचा चेहरा पडला होता. त्याला माझ्यासाठी नाही, पोरासाठी उठायचं होतं, हे मला कळत होतं. तो उठला. पिंजऱ्याच्या कठड्याला घट्ट धरून त्याने शपथ घेतली.

"या बाई कोण?"

"माझी बहीण हाय. सख्खी. धाकटी."

"आणि ही जमीन?"

त्याने एकदा माझ्याकडे बघितलं. न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं.

"तिचीच हाय साहेब," महिपती म्हणाला. "आमच्या बापाची लेक हाय ती. तिचा हक्कच हाय."

"शपथेवर सांगताय ना?"

"शपथेवरच सांगतोय. एरवी जमलं नसतं."

सगळं कोर्ट हसलं, न्यायाधीशसुद्धा. मी मात्र पदर डोळ्यांना लावला. इतकी वर्षं मला जमीन नको होती, हे वाक्य हवं होतं, हे मलाच तेव्हा कळलं.

आदेश पेटीत पडला पाच वाजायला दहा मिनिटं असताना. आठच्या सुमाराला विक्रम बाहेर आला आणि माझ्या पाया पडला.

"सॉरी, आत्या."

"सुटलास म्हणजे सुटला नाहीस," मी म्हटलं. "दर रविवारी पोलीस ठाण्यात हजेरी आहे, मी स्वतः घेऊन जाणार. आत्ता घरी चल आणि पुस्तक उघड."

"कुणाच्या घरी?" त्याने भीत भीत विचारलं.

मी महिपतीकडे बघितलं.

"आत्याच्या," तो म्हणाला. "मीबी येतोय. तिनं अजून मला च्या पाजला न्हाई."