बोट लागली

"लिहा," नरसिंगराव म्हणाले. "पेटी न्यायची नाही. कपड्याची बॅग न्यायची."

खुशाल गुरुजींनी वहीत एक आकडा घातला आणि त्याभोवती गोल काढला. तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलेला माणूस. आकड्याला गोल काढल्याशिवाय त्यांचं लिहिणं पुढं सरकत नसे.

"पेटी काऊन नाही?"

"खोली एवढीशीच असते. पेटी पलंगाखाली जात नाही, अन् चार दिवस तिलेच पाय ठेचतात. बॅग रिकामी केली का घडी करून ठेवता येते."

"बरोबर. दोन?"

"ओकारीची गोळी जहाज सुटायच्या एक तास आधी घ्यायची. सुटल्यावर घेतली तं गोळीच बाहेर येते."

गुरुजी हसले आणि लिहू लागले. त्यांचा मुलगा नागपूरला बँकेत होता. आई-बापांसाठी त्यानं जानेवारीतलं जहाज ठरवलं होतं. कोचीनहून निघायचं, चार रात्री समुद्रात, बेटं पाहून परत. जहाज लहान, चाळीसच प्रवासी. पण खाणंपिणं, गाद्या, पडदे सगळं राजाच्या थाटाचं. बोथ गावात अशा जहाजात बसलेला माणूस एकच होता. तो म्हणजे मंडल कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झालेले नरसिंगराव. त्यांची मुलगी चारुशीला हैदराबादला प्रवास कंपनीत कामाला. तीन वर्षांपूर्वी तिनं आईला, रेणुकाबाईंना, आणि त्यांना पाठवलं होतं.

आता रेणुकाबाई नव्हत्या. मागच्या वर्षी भाद्रपदात ताप आला आणि पाचव्या दिवशी गेल्या. तेव्हापासून गावातलं कुणी नरसिंगरावांशी बोलायला आलं की काय बोलावं हे त्याला सुचत नसे. मग तो जहाजाचं काढी. बसस्टँडवर चहा विकणारा फकिरा अजून विचारायचा, "सायेब, जहाजात कान दुखले का हो?" त्याच्या लेखी जहाज म्हणजे आकाशात उडणारं. नरसिंगरावांनी दोनदा समजावून सांगितलं. तिसऱ्यांदा म्हणाले, "दुखले थोडे." तेव्हापासून तो समाधानी होता.

"तीन. खोली मधली मागायची, अन् खालच्या मजल्यावरची. वरची, समोरची देत असतील तं घ्यायची नाही."

"वरची तं महाग असन ना? पोरगा म्हणे, मोठी खिडकी राह्यते."

"राह्यते. म्हणूनच हलते बी जास्त. झोपाळ्याच्या टोकावर बसल्यावानी."

चार, उपाशी राहायचं नाही. मुरमुरे, सुकी भाकर जवळ ठेवायची. पाच, एक हात कायम कठड्यासाठी मोकळा. सहा, बेटावर उतरताना छोट्या होडीत जावं लागतं. खलाशाला बोटं द्यायची नाहीत, मनगट द्यायचं, आणि तो 'आता' म्हणेल तेव्हाच पाय टाकायचा. सात, दहीभात पाहिजे असेल तर आदल्या दिवशी सांगून ठेवायचं.

"दरखास्त द्या लागते म्हणा की," गुरुजी म्हणाले.

"तसंच. तिथला साहेब लवकर मंजूर करते, एवढाच फरक."

आठव्या आकड्यावर नरसिंगराव थांबले. मग म्हणाले, "खोलीचा उंबरठा लय उंच राह्यते. लोखंडाचा, वीतभर. पाय उचलून टाकायचा."

"उंबरठा," गुरुजींनी लिहिलं. "आमची पंचफुला बी हेच म्हणे. रेणुकाबाईनं सगळं सांगून ठेवलं हाय तिले. खरं सांगू का, पोरगा काश्मीर म्हणत होता. ही म्हणे, नाही, जहाजच. संक्रांतीले रेणुकाबाईनं बायायले ते उडणाऱ्या माशांचं सांगतलं, तवापासून हिच्या डोक्यात समुद्र शिरला."

नरसिंगराव वहीतल्या आकड्यांकडे पाहू लागले.

"मी म्हटलं, अवं, निर्मलच्या घाटात तुले दोनदा बसमधून उतरवा लागते, तू समुद्रात काय करशीन? तं म्हणे, रेणुकाबाईले बी घाट सोसत नव्हता. तिले जहाजावर काही झालं नाही, मले काय होते?" गुरुजींनी पेन सरसावलं. "नऊ?"

"आज इतकंच गुरुजी," नरसिंगराव म्हणाले. "थकलो."

गुरुजी जय भीम करून गेले. नरसिंगराव ओसरीवरच बसून राहिले.

रेणुकाबाईंनी समुद्र पाहिला नव्हता.

पाहिला म्हणजे कोचीनच्या धक्क्यावर पाहिला, तेवढाच. मुलीनं हौसेनं सगळ्यांत चांगली खोली घेतली होती, वरची, समोरची, भिंतीएवढ्या खिडकीची. जहाज संध्याकाळी सुटलं. पहाटे रेणुकाबाईंनी आंघोळ केली, पिशवीतून कुंकवाची डबी काढली आणि त्या लोखंडी उंबरठ्यावर दोन बोटं ओढली. नरसिंगराव म्हणाले, "अवं, हे काय? जहाज हाय हे." त्या म्हणाल्या, "चार रात्री जिथं झोपायचं ते घरच." खोली झाडायला येणारा गोव्याचा म्हातारा माणूस तेवढी जागा सोडून पुसायचा.

ते कुंकू ओढून त्या आत वळल्या आणि भिंत धरून खाली बसल्या. त्यानंतर चार दिवस त्यांनी तो उंबरठा ओलांडला नाही. गोळ्या दिल्या, लिंबू दिलं, जहाजावरचा डॉक्टर येऊन गेला. पोटात पाणी ठरत नव्हतं. पडदा ओढून त्या पडून होत्या, कारण खिडकीत समुद्र वर-खाली झाला की पुन्हा उसळायचं.

"जा तुमी," त्या म्हणाल्या. "पोरीनं धाडलं हाय. दोघांतून एकानं तरी पाहा. मंग मले सांगा."

आणि नरसिंगराव गेले. कासवं पाहिली. काचेसारख्या पाण्यात स्वतःचे पाय पाहिले. उडणारे मासे पाहिले. दर वेळी खोलीशी आले आणि सांगितलं. पण दारातून. आत आंबट वास होता, त्यांना स्वतःलाही मळमळायचं, म्हणून कुंकवाच्या अलीकडे उभं राहून ते सांगायचे आणि रेणुकाबाई पलंगावरून ऐकायच्या. "पाण्याचा रंग कसा हाय?" "निळा." "निळा तं समद्यायलेच मालूम हाय. कसा निळा?" मग ते पुन्हा वर जाऊन पाहून यायचे.

परतल्यावर कोचीनच्या धक्क्यावर चारुशीलाचा फोन आला. "बाबा, आईला बोट लागली नाही ना?" रेणुकाबाईंनी फोन ओढून घेतला. चेहरा राखेसारखा झालेला, ओठ फुटलेले.

"लागली ना! सकाळी सातलाच लागली, धक्क्याले!"

पलीकडे मुलगी हसली. ह्यापण हसल्या, आणि फोन देऊन सामानावर बसल्या.

बोथला आल्यावर त्यांनी जे सांगायला सुरुवात केली ते ऐकून नरसिंगराव आधी चकितच झाले. सगळं त्यांनीच सांगितलेलं, पण रेणुकाबाईंच्या तोंडून ते चांगलं वाटायचं. मासा उडाला आणि पदरावर पाणी पडलं, असंही असायचं. एकदा नरसिंगरावांनी विचारलं, "काऊन खोटं सांगतं?" त्या म्हणाल्या, "खोटं कुठी? तुमी पाह्यलं ना? अन् इथलं बोलणं पोरीच्या कानावर जाते. तिनं हौसेनं धाडलं होतं." पुढं गावात त्यांना जहाजवाली बाई म्हणू लागले. त्या गेल्या तेव्हा मातीला आलेल्या बायकाही तेच बोलत होत्या, की बिचारीनं समुद्र तरी पाहिला.

आता पंचफुलाबाई त्या बोलण्यावर विसंबून जाणार होत्या. तिकडं खोलीत पडल्या तर चार दिवस पडूनच राहणार. सांगावं, तर रेणुका खोटी पडते. ती गेली, तिच्यामागं गावात तिचं एवढंच एक राहिलं होतं. न सांगावं, तर दुसरीच्या जिवाचे हाल. दुपारभर त्यांनी दोन्हीकडून विचार केला. चार वाजता चपला घातल्या आणि ते गुरुजींच्या घरी गेले.

गुरुजी पोस्टात गेले होते. पंचफुलाबाई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या.

"या भाऊजी, बसा. च्या ठेवतो."

"च्या राहू द्या वयनी. एक सांगाले आलो." ते बाजेच्या कडेवर बसले. "रेणुकानं तुमाले जे सांगतलं जहाजाचं, ते…" त्यांनी ढिगातली एक शेंग उचलली. "ती खोलीतून बाहेर निघालीच नाही. चारही दिवस. लय त्रास झाला तिले. तुमी जाऊ नोका असं नाही म्हणत मी. पण घाट सोसत नाही तुमाले, तं मालूम असलं पाह्यजे."

पंचफुलाबाईंचा हात थांबला नाही. शेंग फुटली, दाणे टोपल्यात पडले.

"मले मालूम हाय, भाऊजी."

"काय मालूम हाय?"

"समदंच. श्रावणात वाल सोलाले बसलो होतो दोघी, तवा मीच म्हटलं, मले बी जहाजात जावंसं वाटते. तं तिनं आजूबाजूले पाह्यलं अन् खरं सांगतलं. मासे नाही, काही नाही. खोलीच्या छताले एकवीस खिळे होते म्हणे, अन् एक दुसऱ्याच जातीचा. तेवढंच पाह्यलं चार दिवस." त्या थोडं हसल्या. "तरी म्हणे, जाजो. खालची खोली घेजो, गोळी आधी घेजो, अन् जाजो. बोथले कुठी समुद्र येते?"

"मंग गुरुजी म्हणत होते, तिले काही झालं नाही…"

"ते मीच सांगतलं त्यायले. खरं सांगतलं असतं तं यायनं तिकीट वापस केलं असतं. तुमी बी सांगू नोका बाप्पा! त्यायची वही भरून राह्यली, भरू द्या."

नरसिंगरावांना हलकं वाटायला हवं होतं. तसं वाटलंही, थोडं. रेणुका खोटी पडली नव्हती. तिनं आपली आपण सोय करून ठेवली होती. ते उठायला लागले.

"अजून एक म्हणली होती ती," पंचफुलाबाई शेंगांकडे पाहतच म्हणाल्या. "म्हणे, तुले तिथं त्रास झाला तं गुरुजीले दारात उभं राहू देजो नोको. आत ये म्हणजो. मी नाही म्हटलं, म्हणे, आमच्या सायेबाले. वासाची लाज वाटली मले. अन् मी म्हटलं नाही, म्हणून हे…"

इथं त्यांच्या ध्यानात आलं की समोर कोण उभं आहे. हातातली शेंग तशीच राहिली.

"मी बी काय बोलतो," त्या म्हणाल्या. "बसा ना भाऊजी. च्या ठेवतो."

"रागानं म्हणली का?"

"नाही, नाही. हासूनच म्हणली. म्हणे, आमचे सायेब कचेरीतले. पटवाऱ्यावानी बांधावर उभं राहून मुआयना करत. वावरात पाय टाकत नव्हते."

नरसिंगरावही हसले. रेणुका अशीच बोलायची. मग त्यांनी मान हलवली, चपला पायात सरकवल्या आणि फाटकातून बाहेर पडले. चहा राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजी वही घेऊन हजर झाले. नरसिंगराव दारातच उभे होते. त्यांच्या मागं घराचा लाकडी उंबरठा होता. वर्षभर त्यावर कुणी हळदकुंकू ओढलं नव्हतं. पण लाकडाच्या भेगांत पूर्वीचं कुंकू मुरून काळं पडलं होतं, ते पुसलं जात नव्हतं.

"जय भीम. तब्येत कशी हाय? काल थकले म्हणत होते."

"बरा हाय. बसा."

नऊ, जहाजात पुस्तक वाचायचं नाही; दूर जिथं पाणी आभाळाला टेकतं तिथं नजर ठेवायची. दहा, रबरी तळाच्या चपला. अकरा, न्हाणीतला नळ आपोआप बंद होतो, बादली नसते, घरून एक लोटा न्यायचा. अकरावर गुरुजी खूश झाले. "हे कामाचं सांगतलं," म्हणाले, आणि लोट्याखाली दोन रेघा ओढल्या.

"झालं?"

"अजून एक."

"सांगा. बारा." गुरुजींनी आकडा घातला.

नरसिंगरावांनी घसा साफ केला. कचेरीत साहेबाला मजकूर सांगताना बोलायचे तसं सावकाश ते बोलले.

"बायकोले त्रास झाला तं दारात उभं राह्याचं नाही. ती जा म्हणन. बाहेर पाहून या म्हणन. जायाचं नाही. आत जाऊन जवळ बसायचं."

गुरुजींनी शाळेच्या वळणदार अक्षरात सगळं उतरवलं. मग वर पाहिलं.

"हिले काही होणार नाही म्हणा. पण लिहून असलेलं बरं. किती वेळ बसायचं?"

नरसिंगराव रस्त्याकडे पाहत होते. आदिलाबादकडे जाणारी सकाळची बस धूळ उडवत गेली, आणि धूळ खाली बसली.

"बोट लागेपर्यंत," ते म्हणाले.

गुरुजींनी तेही लिहिलं, आणि बाराभोवती गोल काढला.