कंट्रोलचं लुगडं

"तक्रार कुणाची?" नृसिंहरावांनी विचारलं.

"आमच्या मंडळीची, सायेब."

"मग त्यांना घेऊन या."

"तीच तर तक्रार हाय."

चावडीत बसलेली माणसं हसली. समोर उभा असलेला कानिफनाथ हसला नाही. शिंगणापूरचा हा कोरडवाहू शेतकरी ओढा ओलांडून सकाळीच आला होता, आणि दुपारपर्यंत त्याला कुणी पुढे येऊ दिलं नव्हतं.

सेहेचाळीस साल होतं. लढाई संपली होती, कंट्रोल संपला नव्हता. कापड कार्डावर मिळायचं, आणि ते विकायला चार गावांत मिळून एकच दुकान होतं. दुकानांविरुद्ध ओरड फार झाली तेव्हा कलेक्टरसाहेबांनी नगरच्या एका निवृत्त मुन्सफाला तक्रार अधिकारी नेमलं, तेच हे नृसिंहराव. मामलेदाराचा त्यांच्यावर अधिकार नव्हता. कुणाचीही तक्रार ऐकावी, चौकशी करावी आणि थेट कलेक्टरांना लिहावं, एवढंच त्यांचं काम. हुकूम मात्र त्यांना देता येत नसे. नृसिंहराव पाटलाघरचा चहासुद्धा घेत नसत. पिण्याचं पाणीही बरोबर आणत.

त्यांचा नियम एकच होता. ज्याच्यावर अन्याय झाला त्याने स्वतः समोर येऊन बोलायचं. सुरुवातीला लोकांनी मेलेल्यांच्या नावानेही अर्ज घातले होते, आपापली वैरं काढायला. त्यावर हा नियम केला आणि खोट्या तक्रारी बंद झाल्या. नियमाचा त्यांना थोडा अभिमान होता. मागच्याच आठवड्यात त्यांनी कलेक्टरांना लिहिलं होतं: कापडाबद्दल एकाही स्त्रीने तक्रार केलेली नाही, त्याअर्थी स्त्रीवर्ग समाधानी दिसतो.

"नीट सांगा," ते जरा चिडून म्हणाले. "बाईंना यायला काय झालं?"

"घरात बाया तीन, लुगडं एक. धाकट्या भावजयीला रोजचं काम हाय, ती ते नेसून रानात जाती. माझी आई वाकळ गुंडाळून पडलेली आस्ती. आमच्या मंडळीचं लुगडं शिमग्यालाच फाटून संपलं. अंधार पडला की भावजयीचं नेसून ती पानी आनती. दिवसा भायेर पडायची सोय न्हाई."

"कार्ड नाही का?"

"हाय की. तिच्या नावाचं लुगडं आलंबी हुतं. दुकानदार म्हनतो, तिनं सोता येऊन नेलं."

दुकानदार काकासाहेब तिथेच पाटलाशेजारी बसला होता. डोक्याला कोरा फेटा. तो हात जोडून म्हणाला, "रावसाहेब, बाईनं नेलं, बाईनंच येऊन सांगावं. आपलाच नियम आहे."

 नृसिंहरावांना आपलं ते वाक्य आठवलं. त्याअर्थी स्त्रीवर्ग समाधानी दिसतो. ते लिहून झाल्यावर शाई टिपायला आपण वाळूही निगुतीने टाकली असेल.

"तुमच्या गावात अशी आणखी किती घरं असतील?" त्यांनी हळूच विचारलं.

"मला काय म्हाईत, सायेब? बाया भायेर दिसतच न्हाईत, तवा मोजनार कोन?"

नृसिंहराव उठले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "काकासाहेब, चला."

"कुठं?"

"तक्रारदार इथं येऊ शकत नाहीत. आपण जाऊ."

ओढा ओलांडून मंडळी शिंगणापुरात शिरली. चावडीतले निम्मे लोक गंमत बघायला मागोमाग आले. शनिदेवाच्या भरवशावर इथल्या घरांना दारं नसतात. कुणी पोतं लावतं, कुणी कापडाचा पडदा. कानिफनाथाच्या घराची चौकट उघडीच होती.

"पडदा नाही?"

"तोच नेसलीया ती. पुरत न्हाई."

नृसिंहराव गर्रकन वळले आणि घराकडे पाठ करून उभे राहिले. "सगळे वळा! काकासाहेब, तुम्हीसुद्धा. कुणाची मान फिरली तर चावडीत उभं करीन."

अंगणात पुरुषांची रांग घराला पाठमोरी उभी राहिली. शिपाई नबीलाल पुटपुटला, "या अल्ला! फिर्यादीला पाठ दाखवून चौकशी पहिल्यांदाच बघतोय."

"गप्प, नबीलाल." नृसिंहरावांनी खांद्यावरचं उपरणं काढून मागे धरलं. "बाई, तोवर हे घ्या."

"उपरनं नगं," आतून आवाज आला. कडक, कोरडा. "भीक मागायला न्हाई बलावलं तुमाला. माझं लुगडं पायजे."

त्यांनी उपरणं परत खांद्यावर टाकलं. कान तापले होते. "नाव सांगा, बाई."

"झुंबरबाई. आन् तुमी ते तक्रारवाले ना? मग सा म्हैनं कुठं हुता?"

 "काकासाहेब," नृसिंहराव म्हणाले, "तुमचं म्हणणं यांना सांगा."

काकासाहेब समोरच्या बाभळीकडे बघत म्हणाला, "बाई, आषाढात तू दुकानात आलीस. मी माझ्या हातानं लुगडं दिलं. हिरवं, तांबड्या काठाचं. वहीत अंगठा आहे तुझा."

"मी आले?"

"आलीस की."

"दिवसा?"

"दुकान काय रात्री उघडतो मी?"

"बरं. मंग ह्ये सांग, मी काय नेसून आले हुते?"

 रांगेत कुणीतरी फिस्कन हसलं.

"सांग ना! काळं का हिरवं? का ह्यो पडदा गुंडाळून आले हुते तुझ्या दुकानात? दिवसाचं लुगडं जावंच्या अंगावर रानात आस्तंय, समदा गाव बघतो. तू बोल, मी कशात आले?"

"गर्दी असते, बाई. लुगडी कोण लक्षात ठेवतो..."

"दिलेलं ध्यानात हाय, काठासकट! नेसलेलं न्हाई व्हय?"

आता सगळेच हसले, पण ते हसणं चावडीतल्यासारखं नव्हतं. रांगेतला एक म्हातारा म्हणाला, "आमच्या सुनंचं बी असंच नेलं म्हन्तो ह्यो." दुसऱ्याने दुजोरा दिला. काकासाहेबाने फेटा सावरला आणि एकदम आवाज चढवला.

"रावसाहेब, ही कसली चौकशी? आत कोण बोलतंय कुणाला ठाऊक! कानिफनाथानं दुसरीच बाई बसवली असेल. तोंड बघितल्याशिवाय मी जबाब देणार नाही. आणि आपल्याला हुकूम करायचा अधिकार नाही, एवढा कायदा मलाही कळतो."

"बरोबर आहे," नृसिंहराव म्हणाले.   "मला हुकूम देता येत नाही. पण चौकशी पुरी केव्हा झाली हे मी ठरवतो. तक्रारदार समोर आल्याशिवाय ती पुरी होत नाही. तुम्हीच म्हणालात, माझा नियम आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे त्या बाहेर येईपर्यंत मी इथून हलणार नाही. आणि तुम्ही उठून गेलात तर 'दुकानदार चौकशीतून पळाला' एवढं एकच वाक्य मी कलेक्टरांना लिहीन. दुकानाचा परवाना त्यांच्या हातात आहे. त्या बाहेर कशा येतील, ते तुम्ही बघा."

ते अंगणातल्या धुळीत मांडी घालून बसले, घराकडे पाठ करूनच. रांगेतली माणसंही एकेक करून बसली. ऊन तापलं होतं. काकासाहेब थोडा वेळ उभा राहिला. मग त्याने कंबरेची किल्ली काढली, आपल्या गड्याकडे फेकली आणि त्याच्या कानात काही सांगितलं.

गडी परत आला तेव्हा त्याच्या हातात घडीचं नवं लुगडं होतं. हिरवं नव्हतं, निळं होतं. कानिफनाथ ते घेऊन उलट्या पावलांनी आत गेला.

"झालं ना?" काकासाहेब पाऊल उचलत म्हणाला. "मिटली तक्रार?"

 झुंबरबाई चौकटीत आली. उजेडाने डोळे बारीक करत ती क्षणभर थांबली.

"वळा आता," ती म्हणाली.

सगळे वळले. बाई उंच होती, काटकुळी. नव्या लुगड्याच्या घड्या तशाच कडक उभ्या. तिने नृसिंहरावांना नमस्कार केला नाही. काकासाहेबाकडे निरखून बघितलं.

"ह्योच का तू? मी तुला आज पयल्यांदा बघती."

मग तिने नृसिंहरावांकडे तोंड केलं. राग तसाच होता.

"माझं लिवून घ्या. मंग आत माझी सासू हाय वाकळंत, तिचं लिवा. मंग ह्या म्हाताऱ्याच्या घरी चला, त्याची सून बसलीया. मी दावते घरं."

काकासाहेब निघायच्या बेतात उभा होता. तो खाली बसला.