हात न लावता

काकांना नाही म्हणता येत नसे आणि पुतणीला हो म्हणायचं जिवावर येई. एकाच घराण्यात असे दोन नमुने कसे निपजले, हे कोडं सोडवण्याचा नाद काकूंनी केव्हाच सोडला होता. घराच्या मागच्या दोन खोल्यांत कारखाना होता. मधल्या लांब टेबलाच्या एका बाजूला काका, समोर पुतणी आणि टोकाला भिंग लावून वायरी जोडणाऱ्या काकू. दोघांकडे सारखं लक्ष ठेवता यावं म्हणून काकूंनी ती जागा निवडली होती, पण उजेड तिथेच बरा पडतो असं त्या सांगत.

कारखान्यात अंडी उबवण्याच्या यंत्रांसाठी पेट्या तयार होत. आत ऊब किती, दमटपणा किती, अंड्यांचे ट्रे कधी कलते करायचे, हे सगळं पेटी बघे. तीस वर्षं काकांनी या पेट्या चकत्या, स्प्रिंगा आणि अंदाज यांच्या जोरावर चालवल्या. आता गिऱ्हाइकांना पडदा हवा होता, नोंदी हव्या होत्या, म्हणून पेटीत तळहाताएवढा संगणक बसवायचं ठरलं, आणि त्यासाठी मोठ्या कंपनीतली नोकरी सोडून पुतणी सहा महिन्यांच्या बोलीवर आली. त्यातला पाचवा महिना सरत आला होता.

गिऱ्हाईक एकच, पण भरभक्कम. उबवणीवाल्या बाईंना चाळीस पेट्या हव्या होत्या आणि त्यांची अटही एकच होती. वीज गेली आणि परत आली की पेटी दहा सेकंदांत आपली आपण कामाला लागली पाहिजे. त्यांच्या शेडमध्ये एक घंटा होती. दहा सेकंदांत पेटीने ऊब कळवली नाही तर ती बोंब मारायची. घंटा वाजली की माणसं धावत येऊन यंत्रांची दारं उघडून बघत, आणि अंड्यांचं जे काही वाईट व्हायचं ते त्या बघण्यानेच होई. पेटी पसंत पडली तर चाळीस पेट्या. नाही पडली तर कारखाना पुन्हा जुन्या पेट्यांच्या दुरुस्तीवर आणि पुतणी पुन्हा कंपनीत. काकांनी हे तिला चहाच्या दोन घोटांमध्ये सांगून टाकलं होतं.

संगणकाबरोबर आलेलं कर्नेल उठायला एकतीस सेकंद घेई. कर्नेल म्हणजे प्रणालीचा गाभा. यंत्र आणि प्रोग्रॅम यांच्यामधला मुकादम म्हणा. कोणाला काय हवं ते तो बघतो, कोणी कोणाच्या अंगावर जाऊ नये हेही बघतो. हा मुकादम संगणक विकणाऱ्यांनीच तयार करून पाठवला होता आणि कोणाचीच तक्रार नको म्हणून त्याला सगळं शिकवून ठेवलं होतं. आवाज, कॅमेरा, व्हिडिओ गेम खेळायच्या दांड्या, आता कोणी विकतही नाही अशा तबकड्या वाचण्याची विद्या. अंडी उबवायला यातलं काही लागत नाही.

“हे तुमच्यासारख्याच कोणीतरी केलेलं दिसतंय,” काकू काकांना म्हणाल्या.

त्यांच्या म्हणण्याला आधार होता. काकांच्या मागच्या भिंतीला बहात्तर खण होते आणि त्यांतल्या साठांत, कधीतरी लागेल म्हणून ठेवलेलं, मोडक्या रेडिओंचं पोट होतं.

कर्नेल आपल्याला हवं तसं बांधून घेता येतं. त्यासाठी एक भली मोठी प्रश्नावली असते. हे हवं का, ते हवं का, हो की नाही. असे हजारो प्रश्न. प्रत्येकाखाली चार ओळींचा सल्ला आणि शेवटी बहुधा एक ठरलेलं वाक्य: खात्री नसेल तर नाही म्हणा. पुतणीला हे वाक्य पहिल्याच दिवशी आवडलं. आपल्या स्वभावाला कोणीतरी लेखी पाठिंबा दिला असं तिला वाटलं. तिने नाही म्हणायला सुरुवात केली.

काकांना ते बघवेना. ती एक गोष्ट काढायची, ते विचारायचे काय होतं ते, ती सांगायची आणि ते म्हणायचे, राहू दे की, कधी लागलं तर. दिवसाला चाळीस-पन्नास वेळा हा संवाद होई. शेवटी काकूंनी मध्ये पडून तह केला: काकांनी एकच वस्तू वाचवायची, बाकीच्यांबद्दल तोंड उघडायचं नाही. काकांनी दोन दिवस विचार केला आणि एक चित्र निवडलं. कर्नेल जागं होताना पडद्याच्या कोपऱ्यात एक लहानसा पेंग्विन दिसे, तो. धंदा अंड्यांचा आहे, गिऱ्हाइकाला पक्षी दिसलेला बरा, असं त्यांचं म्हणणं. पुतणीने लक्षात आणून दिलं की या पक्ष्याला उडता येत नाही.

“मग कोंबडी कुठे आभाळात जाते?” काका म्हणाले. पक्षी राहिला.

मोजणीची पद्धत ठरून गेली होती. काका बटण दाबत, पुतणी घड्याळ धरे, काकू वहीत मांडत. तारीख, काय काढलं, सेकंद किती आणि बटणावर कोण. हा शेवटचा रकाना कशाला, असं पुतणीने एकदा विचारलं होतं. काकू म्हणाल्या, माणूस मांडून ठेवलेला बरा असतो. एकतीसचे बावीस झाले, बावीसचे चौदा, चौदाचे अकरा. अकरावर गाडी अडली. तेव्हा पुतणीने मुकादमाची जीभच काढली. कर्नेल उठताना काय काय करतंय ते ओळीओळीने सांगत असतं, आणि ते सगळं तिच्या संगणकाला जोडलेल्या बारीक वायरीतून रखडत येई. बोलणं बंद केलं, वायर काढली, आठ सेकंद झाले. सहा दिवसांत अठ्ठेचाळीस वेळा मोजलं. अठ्ठेचाळीस वेळा आठ.

फक्त काकांची एक खोड तेवढी तिला खुपत होती. बटण दाबलं की त्यांना धीर नसे. पेटीच्या तोंडावर ऊब कमीजास्त करायची एक गोल मूठ होती. पडदा उजळायच्या आत त्यांचा हात तिच्यावर जाई आणि ते ती कर्रकर्र फिरवत बसत. लिफ्ट लवकर यावी म्हणून बटण दहादा दाबणारी माणसं असतात, त्यातला प्रकार.

दाखवायला न्यायच्या सकाळी गाडीत तिने त्यांना स्वच्छ सांगितलं की बाईंसमोर पेटीला हात लावायचा नाही. आपल्याच मालावर आपला भरवसा नाही असं दिसतं. काकूंनी मागच्या सीटवरून दुजोरा दिला. काकांनी अर्थातच हो म्हटलं.

बाईंची शेड लांबलचक होती. दोन्ही हातांना कपाटाएवढी यंत्रं, काचेआड अंड्यांच्या ओळी, आणि दर थोड्या वेळाने सगळे ट्रे एकदम एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर कलत. बाई ठेंगण्या, कमी बोलणाऱ्या, डोक्यात पेन्सिल खोचलेल्या. पेटी एका रिकाम्या यंत्राला जोडून झाली तेव्हा त्यांनी सगळ्यांना दोन पावलं मागे सरकायला सांगितलं आणि बटण स्वतः दाबलं. काका हात मागे बांधून उभे राहिले, शाळेत कविता म्हणायला उभं केल्यासारखे.

कोपऱ्यात पक्षी आला. पुतणीने मनातल्या मनात आठ मोजले, मग नऊ. पक्षी एकटाच होता. दहाला घंटा वाजली आणि शेडच्या दुसऱ्या टोकाहून दोन बायका पळत आल्या. बाईंनी त्यांना हातानेच परत पाठवलं, घंटा बंद केली, वीज तोडली आणि पुन्हा जोडली. पुन्हा पक्षी, पुन्हा घंटा, पुन्हा त्या दोघी. एक दुसरीला काहीतरी म्हणाली आणि दुसरीने तोंडावर पदर घेतला.

पुतणीने पिशवीतून बारीक वायर काढून आपला संगणक जोडला. जोडल्यावर तिला आठवलं की त्या टोकाला आता बोलणारं कोणी नाही. पेटीला काय झालंय ते पेटीने सांगायचं, आणि जीभ तिनेच काढून ठेवलेली. संगणकाचा पडदा कोराच राहिला. तिसऱ्यांदाही तेच झालं. बाईंनी डोक्यातली पेन्सिल काढली, परत खोचली आणि पेटीचे स्क्रू ढिले करायला घेतले.

काकांना आता राहवेना. मागचा हात पुढे आला, मुठीवर गेला आणि कर्रकर्र सुरू झाली. पुतणी हात लावू नका म्हणणार तेवढ्यात पडदा उजळला. ऊब, दमटपणा, ट्रेची कूस, सगळं जिथल्या तिथे.

बाई थांबल्या. त्यांनी वीज तोडून पुन्हा जोडली आणि काकांना म्हणाल्या, तुमचं चालू द्या. या वेळी मूठ पहिल्यापासून फिरत होती. आठ सेकंद. घंटा गप्प.

“पेटी चांगली आहे,” बाई म्हणाल्या. “पण चाळीस पेट्यांबरोबर चाळीस काका द्याल का?”

काका लगेच सांगू लागले की मूठ नवी आहे, सुरुवातीला अशी जरा हलवावीच लागते, उलट हे सोयीचंच आहे, माणूस जवळ आहे याची खात्री पटते. ते बोलत असताना त्यांचा स्वतःच त्यावर विश्वास बसत चालला होता. पुतणीने त्यांना अडवलं.

“नाही,” ती बाईंना म्हणाली. “मुठीचा काही संबंध नाही. चूक माझी आहे आणि कुठे आहे ते मला आत्ता माहीत नाही. उद्या सकाळी दाखवते.”

“उद्या होईल याची खात्री आहे?”

तिने जरा विचार केला. “खात्री नाही. पण हो.”

बाईंनी पेन्सिलीने भिंतीवरच उद्याची वेळ लिहिली. नऊ.

तिघं कारखान्यात परतली. दुपारी तिघं आपापल्या जागी बसली, काकांना दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवायला लावलं आणि बटण काकूंनी दाबलं. पक्षी आला. आठ सेकंद गेले, तीस गेले, नव्वद गेले. दोन मिनिटं चाळीस सेकंदांनी पेटी आपली आपण उठली. काकूंनी चष्मा वर केला आणि वही मागची मागची उलटत गेल्या. जीभ काढली त्या दिवसापासून अठ्ठेचाळीस नोंदी होत्या आणि बटणाच्या रकान्यात अठ्ठेचाळीस वेळा त्यांनी एकच अक्षर लिहिलं होतं. नवऱ्याचं नाव त्या लिहीत नसत, ‘हे’ असं लिहीत.

“एकदासुद्धा दुसरं कोणी नाही,” काकू म्हणाल्या. “त्याआधी यांच्या जोडीला तू वायर लावून टाइप करत असायचीस.”

पुतणीने जीभ परत बसवली आणि पेटीला विचारलं. पेटीने एका ओळीत सांगितलं. नोंदी ठेवणारा प्रोग्रॅम सुरू होताना एक संख्या मागतो, कोणालाही आधी ओळखता येणार नाही अशी. ती कर्नेलने द्यायची. अशी संख्या घडवण्यासाठी संगणकात एक खास भाग असतो, पण तो वापरायची परवानगी प्रश्नावलीत द्यावी लागते. ती नसेल तर कर्नेल बाहेरच्या गडबडीवर संख्या जुळवतं: कोणी कळ दाबली, कोणी मूठ फिरवली, किती वेळाने फिरवली. गडबड झाली नाही तर ते आतली किरकोळ चुळबुळ पुरेशी साठायची वाट बघत बसतं. कारखान्यात काका होते, तेव्हा वाट बघायची वेळच आली नव्हती. मुकादमाने सहा दिवस काकांच्या अधीरपणावर दिवस काढले होते.

तिने प्रश्नावलीत तो प्रश्न शोधून काढला. अंडी उबवायला यादृच्छिक संख्या कशाला, असं म्हणून तिसऱ्या आठवड्यात तिने तिथे नाही लावलं होतं. तिने आज पहिल्यांदा खालचा सल्ला वाचला. चार ओळी होत्या आणि शेवटचं वाक्य होतं: खात्री नसेल तर हो म्हणा.

तिने ते वाक्य पुन्हा वाचलं. त्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत नऊशेएक वेळा नाही म्हणून झालं होतं आणि शेवटचं वाक्य काय असणार हे बोटाला पाठ होतं. बोटाने ते न वाचताच पाळलं होतं.

आता हो लावलं. जीभ पुन्हा काढली, कारण ते तीन सेकंद हवेच होते. मग जागेचा प्रश्न आला. कर्नेलसाठी पेटीत नेमून दिलेली जागा काठोकाठ भरली होती आणि हा नवा भाग मावेना. थोडंसंच कमी पडत होतं. तिने यादी वरपासून खालपर्यंत वाचली, या वेळी प्रत्येक सल्ल्यासकट. ज्याच्यावाचून काहीही अडणार नव्हतं अशी एकच वस्तू उरली होती. काका खणांमध्ये काहीतरी शोधत होते. तिने त्यांना विचारलं नाही.

सकाळी नऊला बाईंनी वीज तोडली आणि जोडली. काका हात मागे बांधून उभे होते, काकूंनी खबरदारी म्हणून त्यांच्या मनगटाला आपल्या पिशवीचा बंद गुंडाळला होता. पडदा आठ सेकंदांत उजळला. बाईंनी सहा वेळा तोडून सहा वेळा जोडलं, मधे एकदा पाच मिनिटं थांबून, एकदा दिवा घालवून, एकदा सगळ्यांना शेडबाहेर पाठवून. घंटा एकदाही वाजली नाही. शेवटी त्यांनी भिंतीवरच्या नऊवर काट मारली आणि खाली चाळीस लिहिलं.

मग पडद्याच्या कोपऱ्याकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, “काल इथे एक पक्षी होता ना?”

पुतणीने काकांकडे बघितलं नाही. काकांनी पडद्याकडे बघितलं, मग तिच्याकडे, मग परत पडद्याकडे.

“होता,” ते म्हणाले. “गेला उडून.”

गाडीत काकूंनी पिशवीचा बंद सोडला. सहा महिन्यांच्या बोलीचा विषय कोणी काढला नाही. काकूंनी फक्त एवढं सांगितलं की नऊशेच्या नऊशे नकारांपुढे कारण लिहायचं, नवी वही काढून, उद्यापासून. पुतणी त्याला हो म्हणाली. काकांनी मोकळे झालेले हात गुडघ्यांवर ठेवून बघितले, ते तिथे राहीनात, तेव्हा खिडकीची मूठ धरून ते काच वरखाली करू लागले. कर्रकर्र. पुतणी गाडी चालवत होती. तिने त्यांना काही म्हटलं नाही.