सभागृह भरवणारी चहाची ट्रॉली

मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही, मित्रांनो. आजवर कुणाचाच बसलेला नाही. या देशाचं अख्खं सभागृह मी एकटीने, माझ्या या चार चाकांच्या जोरावर, भरवून दाखवलं आहे! हसा, हसा. हसून झालं की सांगा, मग पुढे बोलते.

मी एक जुनी चहाची ट्रॉली आहे. माझा जन्म पत्र्याच्या कारखान्यात झाला. तीन चाकं नवी मिळाली, चौथं कमी पडलं, म्हणून कारागिराने दवाखान्यातल्या मोडक्या स्ट्रेचरचं चाक काढून मला बसवलं. त्या चाकाला अजून वाटतं की वर कुणीतरी अत्यवस्थ आहे, म्हणून ते कायम घाईत असतं. बाकीची तिघं त्याला सांभाळून घेतात.

तिथून मी थेट इथे, कायदेमंडळाच्या इमारतीत आले. मला ढकलायचे चहावाले काका. सकाळी समितीच्या खोल्या, दुपारी अध्यक्षांचं दालन, आणि चारच्या सुमाराला सभासदांचा मोठा लाउंज, हा आमचा रोजचा फेरा. माझा थाट काय सांगू! एकदा दोन पक्षांनी एकमेकांशी बोलणंच टाकलं होतं. काकांनी मुद्दाम एकच साखरदाणी ठेवली. ती मागण्यापुरतं तरी तोंड उघडावं लागलं, आणि कप रिकामे होईपर्यंत समेट झाला. पुस्तकांत त्याचं श्रेय भलत्याच माणसाला दिलं आहे, पण माझी तक्रार नाही.

आता किल्लीबाईंबद्दल सांगते, कारण ही गोष्ट खरं तर त्यांची आहे. त्या इथल्या मुख्य प्रशासकीय अधिकारी. एवढं लांबलचक कोण म्हणणार? कमरेला किल्ल्यांचा हा एवढा जुडगा, म्हणून आम्ही सगळे त्यांना किल्लीबाई म्हणायचो. सभासद देश चालवतात, असं निदान ते सांगतात. पण ते जिथे बसून देश चालवतात ती जागा बाई चालवायच्या. माईक बंद पडला, बोलवा बाईंना. लिफ्ट अडकली, बोलवा बाईंना. दुभाष्याच्या कानातलं यंत्र खरखरतंय, नळ गळतोय, कुणाच्या खुर्चीचा खिळा टोचतोय, सगळ्याला बाईच. एका बाजूने ओरडा व्हायचा की दिवे मंद आहेत, दुसऱ्या बाजूने की दिवे डोळ्यांवर येतात. बाई दोघांनाही म्हणायच्या, "बघते हं." आणि खरंच बघायच्या.

एवढं सगळं त्यांच्या हाती, पण त्यांना मत नाही की भाषण नाही. सभागृहाच्या दारात जमिनीत एक पितळी पट्टी बसवलेली आहे. कामकाज चालू असताना सभासद सोडून कुणीही, अध्यक्षांनी बोलावल्याखेरीज, ती ओलांडायची नाही. ओलांडली तर तो सदनाचा अवमान, आणि नोकरीवरचा माणूस असेल तर नोकरी गेलीच म्हणून समजा. बाई इतकी वर्षं त्या पट्टीच्या अलीकडे उभ्या राहून आतलं घर सांभाळत आल्या.

मग प्रेक्षकांच्या गॅलरीवरचं छत भेगाळलं. तपासायला माणसं आली, शिडी लावून वर चढली आणि चेहरे पाडून खाली उतरली. तुळई आतून कुजली होती. वरून सुबक गिलावा आणि आत भुसा.

बाई अध्यक्षांकडे गेल्या तेव्हा मी तिथेच होते. अध्यक्ष साखर ढवळत होते.

"अध्यक्ष महाराज, सभागृह बंद करायला हवं. तुळई केव्हाही खाली येईल."

"मला पटतंय हो बाई. पण सदनाने कुठे बसायचं ते सदनच ठरवणार. तो अधिकार ना माझा, ना तुमचा. ठराव होऊ द्या."

"विषय दर वेळी येतो आणि दर वेळी बारगळतो. आत माणसंच नसतात."

"मग पुन्हा येऊ द्या."

"निदान गॅलरी तरी बंद करू द्या?"

"गॅलरी म्हणजे सदनच की. लोकांना बाहेर ठेवायचं तर त्यालाही ठराव लागतो."

अध्यक्ष वाईट माणूस नव्हते. नियमापुढे मान तुकवणारे होते, एवढंच.

मित्रांनो, ठराव करायला आत ठरावीक संख्येने सभासद हजर लागतात. त्याला गणपूर्ती म्हणतात. ती नसली की घंटा वाजते, थोडी वाट पाहतात, आणि तरी कुणी फिरकलं नाही तर विषय गुंडाळतात. इमारतीच्या देखभालीचा विषय नेहमी शेवटचा, म्हणजे नेमका चहाच्या वेळी. बाईंनी एकदा चहाच बंद करून पाहिला, तर सभासद लाउंजऐवजी सरळ घरी गेले! एकेकाला गाठून हात जोडले. "हो हो, येतो की," प्रत्येक जण म्हणाला. आला कुणीच नाही.

मग बाईंनी एक वेडा उपाय काढला. बैठक चालू असली की त्या गॅलरीत जाऊन त्या भेगेच्या बरोबर खाली बसायच्या. एका बाजूला पर्स, दुसऱ्या बाजूला शाल पसरून ठेवायची, म्हणजे तिथे दुसरं कुणी बसायला नको. वरून पांढरी भुकटी केसांवर पडायची. चहाच्या खोलीत आल्या की काका म्हणायचे, "बाई, म्हाताऱ्या झालात की एका दुपारीत!" बाई पूर्वी अशा थट्टेला हसायच्या. हळूहळू त्यांचं हसणं थांबलं.

एके दुपारी त्या आल्या आणि माझ्या दांडीला धरून नुसत्या उभ्या राहिल्या. माझ्यावरच्या बशा किणकिणायला लागल्या.

"काका, उद्या शाळेची मुलं येणार आहेत गॅलरीत. सगळी बाकं भरणार. मी कितीजणांची जागा अडवणार?"

"नाही म्हणून सांगा त्यांना."

"कोणत्या अधिकाराने? या इमारतीतल्या प्रत्येक दाराची किल्ली माझ्याकडे आहे, आणि जे एक दार बंद करायचंय तेवढंच मला बंद करता येत नाही."

"आज विषय आहे ना?"

"आहे. आजही होणार नाही."

काकांनी चहा ओतून दिला. बाईंनी कपाला हातही लावला नाही. त्यावर साय धरली, तरी त्या तशाच उभ्या. मी आयुष्यात खूप माणसं पाहिली, रडणारी, चिडणारी, टेबलं बडवणारी. पण असं हातपाय गळालेलं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

चार वाजता काकांनी मला लाउंजमध्ये नेलं. भरलेला थर्मास, कप, बिस्किटांची ताटली. सभासद भोवती जमले. तेवढ्यात गणपूर्तीची घंटा वाजली.

"कसली हो घंटा?" एका सभासदाने बिस्किट बुडवत विचारलं.

"देखभालीचा विषय आहे. वाजू दे. त्याने काय सरकार पडतंय?"

"पडलंच तर छत पडेल!" तिसरा म्हणाला, आणि सगळे खो खो हसले.

बाई लाउंजच्या दारातच उभ्या होत्या. त्यांनी ते ऐकलं.

आता नीट ऐका, कारण पुढचंच कुणाला पटत नाही. काकांनी माझ्या चाकाला ब्रेक लावला होता, पण तो सुटला. आपोआप सुटला, जुना होता. लाउंजपासून सभागृहापर्यंत हा जो लांब पॅसेज आहे ना, त्याला उतार आहे. मी घरंगळले! पहिल्यांदा हळू, मग जोरात. मला कुणी हात लावला नाही, मी आपणहून निघाले. थर्मास डुचमळतोय, कप नाचताहेत, आणि मागे सारा लाउंज.

"अहो, चहा चालला!"

"माझा कप आहे त्यावर!"

"धरा तिला, बिस्किटं सांडतील!"

सत्तेतले आणि विरोधातले खांद्याला खांदा लावून धावले. एवढी एकजूट मी कधी पाहिली नव्हती. दारावरच्या शिपायाने नेमकी त्याच वेळी बुटाची नाडी बांधायला मान खाली घातली. मी पितळी पट्टीवरून खडखडत आत शिरले आणि मधोमध थांबले. मागोमाग सभासद, हातात कप, तोंडात बिस्किट. अध्यक्षांनी चष्म्यावरून पाहिलं, डोकी मोजली आणि म्हणाले, "गणपूर्ती झाली आहे. दारं लावा."

ठराव वाचला गेला. कुणी बिस्किट गिळत, कुणी ओठ पुसत हात वर केले, आणि ठराव मंजूर झाला. त्याच संध्याकाळी सभागृह रिकामं केलं, बैठका तळघरातल्या दालनात गेल्या, आणि मुलांना निरोप गेला की भेट पुढे ढकलली आहे. पुढच्या आठवड्यात कामगारांनी गिलाव्यावर पहिला हातोडा मारला मात्र, तुळई सगळीच्या सगळी गॅलरीच्या बाकांवर आली. बाकांचा चुरा झाला. खाली कुणीच नव्हतं.

आता तुम्हाला वाटेल, यावर माझा सत्कार झाला असेल. छे! मला इथे सभागृहाच्या दाराशी खांबाला बांधून ठेवलं आहे. गळ्यात चिठ्ठी आहे, ‘हात लावू नये’. नवं छत झालं, तुमच्यासारखी मुलं ते बघायला येऊ लागली, आणि सदनाने चौकशी समिती नेमली. तुळई इतकी वर्षं कशी कुजली याची नव्हे बरं. चालू कामकाजात ट्रॉली आत कुणी आणली, याची!

समिती या शेजारच्या खोलीत बसली आहे. दार किलकिलं आहे, दिसतंय ना? काकांनी सांगितलं, ब्रेक सुटला. शिपायाने सांगितलं, नाडी बांधत होतो. सभासदांनी सांगितलं, आम्ही कपाकडे बघत होतो. आता आत बाईंना बोलावलं आहे, आणि बाईंना खोटं बोलता येत नाही. ती एक त्यांच्यात मोठीच खोट आहे.

म्हणून मित्रांनो, माझी तुम्हाला कळकळीची विनंती. माझा पत्रा गंजला, एक चाक वाकलं, मला उद्या भंगारात घातलं तरी चालेल. पण जी माणसं तुमच्या डोक्यावरचं छत सांभाळतात ना, त्यांना सांभाळा. समितीने तुम्हाला विचारलं, बाहेर कुणीही विचारलं, तर एवढंच सांगा की ट्रॉलीला कुणी ढकललं नाही. पॅसेजला उतार आहे, ती आपणहून...

"खोटं!"

मागच्या रांगेतली एक मुलगी बोलली. तिच्या पुढ्यात चाकाची खुर्ची होती, खुर्चीत तिचा धाकटा भाऊ.

माझ्याशेजारी उभ्या असलेल्या काकांनी ओठांवर बोट ठेवलं. तिचं लक्ष नव्हतं. ती आपले लाल झालेले तळहात सगळ्यांना दाखवत होती, आणि तिचा आवाज चांगला खणखणीत होता.

"आम्ही आत्ता त्याच पॅसेजने आलो. तिथे उतार नाहीच, इकडे येताना चढ आहे! दादूची खुर्ची मी ढकलत आणली, माझे हात बघा. तुला कुणीतरी ढकललं. अगदी जीव खाऊन ढकललं!"

शेजारच्या खोलीत बोलणं थांबलं.