कुरुळीच्या फळ्यावरची शेवटची ओळ

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. ज्या आंब्यापासून मी झालो तो एवढा उंच होता, की बुंध्यापाशी सकाळी उडालेला कावळा शेंड्यावर पोचेपर्यंत दुपार व्हायची. चाकणच्या मीरासाहेब सुतारांनी मला रंधा मारला, तेव्हा निघालेल्या भुशात त्यांची शेळी तीन दिवस सापडली नाही. हसू नका. शेळीला विचारायची सोय आता राहिलेली नाही, म्हणून माझ्यावरच विश्वास ठेवा.

मी कुरुळीच्या शाळेत आलो. माझ्या नशिबी सगळी त्रैराशिकं. अंगावर नुसते आकडे, आणि शाळा सुटली की कुलूप. खोलीत मी एकटा.

सन पंचावन्नच्या थंडीत उद्धवराव गुरुजींनी भर वर्गात माझ्यावर एक कविता लिहायला घेतली. त्यांचा धाकटा भाऊ सयाजी घरातून निघून गेला होता. पिंपरीला नवा कारखाना बांधणाऱ्या टोळीत तो दिसला, असं कुणीतरी सांगितलं. गुरुजी सहा महिने दर रविवारी तिकडे चालत जायचे. भाऊ सापडला नाही. त्याच शोधाची ती कविता. लिहिता लिहिता ते मोठ्यानं म्हणत होते:

सात गावे पाहिली, विचारली;
वहाण झिजली, वाट नाही झिजली.
कंदील विझला, तरी हातात आहे —

"विझलेला कंदील हातात कशाला रे?" गुरुजींनी विचारलं.

"तेल संपलं आसंल," चिमाजी म्हणाला. "चाकणला मिळतं की, गुरुजी!"

वर्ग हसला. पुढच्या रांगेतली सलिमा मात्र हसली नाही. "टाकून कसा दील? भाऊ गावला तर परत लावायचा न्हाई व्हय?"

गुरुजींनी पहिल्या ओळीच्या शेवटी बोट ठेवलं. "हा अर्धविराम. इथं माणूस दमून टेकलाय, पण बसलेला नाही. बसला असता तर मी पूर्णविराम दिला असता."

"आन् ती आडवी रेघ?"

"ती हाक आहे. अजून ओ आलेली नाही."

"मग भाऊ गावला का?"

"नाही गावला, सलिमा."

"मग कविता संपनार कशी?"

गुरुजी माझ्याकडे वळले. अडलेली ओळ त्यांना तिथंच सुचली असावी. या खेपेला तोंडानं काही न म्हणता त्यांनी भराभर लिहिलं. तेवढ्यात घंटा झाली आणि पोरं दप्तरं घेऊन पळाली. खडूनं पांढरे झालेले हात गुरुजी बराच वेळ पाहत राहिले. सकाळी वहीत उतरून घेऊ, असं पुटपुटून त्यांनी कुलूप लावलं.

दुसऱ्या दिवशी तपासणीचे साहेब यायचे होते. साहेब येणार म्हणजे फळा काळाकुट्ट हवा, ही तिथली रीत. गुरुजींनी पोरांना किल्ली दिली तेव्हा ते स्वतः साहेबांना आणायला घाईनं फाट्यावर निघाले होते; वहीचं राहूनच गेलं. पोरांनी कोळसा कुटला, घेवड्याचा पाला वाटला आणि गुरुजींचा मान राहावा म्हणून कवितेसकट मला त्या काळ्या लेपाचे तीन हात दिले. ओल्या पाल्याचा तो गारवा अजून अंगावर आहे.

साहेबांनी शेरेबुकात लिहिलं, "फळा उत्तम." मला मिळालेली ही एकच शाबासकी.

पोरं गुरुजींच्या तोंडाकडे बघत होती. गुरुजींनी माझ्यावरून एकदा तळहात फिरवला. "छान काळा केलात रे," एवढंच म्हणाले.

मग मात्र शाळा सुटल्यावर ते माझ्यापुढे उभे राहू लागले. तीन ओळी लिहायचे, आडव्या रेघेशी थांबायचे, पुसायचे. एकदा त्यांनी सलिमाला विचारलं, "तू वाचली होतीस का गं?"

"न्हाई गुरुजी. घंटा झाली हुती."

दोन वर्षांनी त्यांची चऱ्होलीला बदली झाली. ओळ त्यांना सापडली नाही. माझ्या जागी भिंतीवर सिमेंटचा फळा आला आणि मी मोडक्या बाकांमागे, मागच्या पडवीत.

इथं पालीला मी ती ओळ एक सांगितली, चिमण्यांना दुसरी, घुशीला तर चक्क चार सांगितल्या. सगळ्या थापा. मित्रांनो, फळ्याला स्वतःच्या तोंडावरचं वाचता येत नाही. कुणी मोठ्यानं म्हटलं तरच त्याला कळतं, आणि ती ओळ कुणी म्हटलीच नाही. मला फक्त खडूची चाल ठाऊक आहे. ओळ लहान होती. मधे कुठं अडखळली नाही. आणि शेवटी खडू एकदाच, ठाम टोचला. तो पूर्णविराम होता. गुरुजी त्या दिवशी बसले होते, मित्रांनो. एका रात्रीपुरते.

म्हणून सांगतो, फळा जरूर पुसा, काळाही करा. पण त्याआधी त्यावर जे असेल ते एकदा मोठ्यानं वाचा.