मेघालीताई आणि हिमानीचं बाक

मित्रांनो, पालघरच्या एका कॉलेजात जिन्याखाली भिंतीला टेकवून ठेवलेला काळा फळा म्हणजे मी. माहीमच्या एका सुताराने मला सागाच्या चौकटीत बसवलं. माझी उमेदीची वर्षं ग्रंथालयामागच्या खोलीत गेली. तिथे दुपारी वरच्या वर्गातली मुलं धाकट्यांना शिकवत.

समुद्रकाठच्या नवापूरची मेघाली त्यांतलीच. घरची मासेमारी, कॉलेजची पायरी चढलेली घरातली ती पहिलीच. रसायनशास्त्रात हुशार. पण शिकवताना माझ्याकडे तोंड करून ती भराभर लिहीत सुटायची. "समजलं ना?" म्हणायची आणि उत्तराची वाट न बघता मला पुसून टाकायची.

एकदा उमरोळीची हिमानी उभी राहिली. पहिल्या वर्षाची, एरवी गप्प बसणारी पोर.

"ताई, मला पहिल्या ओळीपासूनच कळलं नाय. परत सांगाल?"

"एवढं साधं कळत नसेल तर विषय बदल," मेघाली म्हणाली.

पोरं हसली. हिमानी खाली बसली आणि पुन्हा त्या खोलीत आली नाही. परीक्षेत तिचा तोच विषय राहिला. कॉलेज सोडून ती बोईसरच्या एका कंपनीत पॅकिंगला लागली.

हे कळलं त्या दिवशी मेघालीच्या हातून काहीच लिहून झालं नाही. त्यानंतर तिची रीत बदलली. ती खडू मुलांच्या हातात देई, कुठे अडलं ते विचारून थांबे. खोली भरू लागली. रसायनशास्त्राच्या सरांनी तिचं कौतुक केलं, थोडं माझंही. पुढे तारापूरच्या एका प्रयोगशाळेत मुलाखतीला तिला एक चाचणी नवख्या कामगाराला समजावून द्यायला सांगितली. त्याला आधीचं काय ठाऊक आहे, हे तिने सगळ्यात आधी विचारलं. नोकरी मिळाली.

पेढे घेऊन ती सरांना भेटायला त्याच खोलीत आली, पण त्याआधी उमरोळीला जाऊन आली होती. हिमानीची माफी मागून, पुन्हा परीक्षेला बस, मी शिकवते, असं ती म्हणाली होती. हिमानीने चहा ठेवला.

"आता नाय जमणार, ताई," ती म्हणाली. "पण तो विषय मला खूप आवडायचा."

हे सांगताना मेघालीच्या हातातला पेढ्यांचा डबा तसाच बंद राहिला.

आता त्या खोलीत मोठा पडदा आलाय. माझ्या चौकटीला वाळवी लागलीय, पण त्याची खंत नाही. मित्रांनो, कुणी बिचकत काही विचारायला आलं, तर त्याला सांभाळून घ्या. हिमानीचं बाक माझ्या अगदी समोर होतं. ती गेल्यावर कितीतरी दिवस तिथे कुणी बसलं नाही, आणि मला ते रोज बघावं लागलं.